आमच्या घरातली जांभळी लिंक

आमच्या लॅपटॉपला टिकली आहे. स्क्रीनच्या वरच्या कडेला, मधोमध, कॅमेऱ्याचा बारीक डोळा असतो बरोबर त्यावर. गडद लाल, मध्यम आकाराची. खंडेनवमीला पूजेत लावली आणि तशीच राहून गेली, असा येणाऱ्याजाणाऱ्यांचा समज होतो. मी तो दूर करत नाही. खरं म्हणजे ती माझ्या सासऱ्यांनी लावली. कॅमेऱ्यातून कोणीतरी आपल्याला बघत असतं असं अण्णांनी पेपरात वाचलं. त्यांनी पेपराची घडी घातली, वारलेल्या सासूबाईंच्या कपाटातून त्यांच्या उरलेल्या टिकल्यांचं पाकीट काढलं आणि एक टिकली त्या डोळ्यावर दाबून बसवली. "आता बघ म्हणावं," असं म्हणून ते हात धुवायला गेले.

अण्णा, म्हणजे मार्तंडराव, जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत हेडक्लार्क होते. कोणावरही चटकन विश्वास ठेवू नये हे ते नोकरीत शिकले आणि निवृत्तीनंतर त्यांनी तो नियम यंत्रांनाही लागू केला. आधारकार्डाची झेरॉक्स द्यायची वेळ आली, तर ती कशासाठी दिली हे ते तिच्यावर तिरकं लिहून देतात. ओटीपी आला की फोन उलटा ठेवतात. आणि अपडेट करू देत नाहीत. लॅपटॉपच्या कोपऱ्यात अधूनमधून एक चौकट येते, की अपडेट तयार आहे, आत्ता करायचं की नंतर. आमच्याकडे उत्तर कायम "नंतर". अण्णांचं म्हणणं असं, की दुरुस्ती करतो म्हणून जो दप्तराला हात लावतो, तो नीट असलेली एक तरी नोंद फिरवून जातो. हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि अमेरिकेतला माणूस उमरग्याच्या माणसापेक्षा वेगळा असेल असं मानायला त्यांना काही कारण दिसत नाही.

मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मोजल्याशिवाय काही बोलत नाही अशी माझी ख्याती आहे. घरी तिचा अर्थ "वैदेही फारसं बोलत नाही" एवढाच घेतला जातो. माझे यजमान राजशेखर विमा कचेरीत आहेत आणि ते माझ्या वाटचंही बोलतात. तिघांत लॅपटॉप एकच. हॉलमधल्या टेबलावर क्रोशाचं रुमालवजा काहीतरी पांघरून तो बसलेला असतो.

एका दुपारी शेजारच्या दीपालीवहिनी त्यांच्या निकिताचा प्रवेशाचा अर्ज भरायला माझ्याकडे आल्या. अर्ज उघडण्याआधी मी सहज हवामानाचं पान उघडलं. दोन दिवस आभाळ भरून येत होतं आणि माझ्या कुरडया वाळत होत्या. पानाच्या उजव्या बाजूला एक मोठी जाहिरात आली. चहाचे दोन कप, त्यांच्यातून निघणारी वाफ, आणि खाली अक्षरं: "पुन्हा सुरुवात करू या. घटस्फोटित, विधवा, विधुर यांच्यासाठी दुसरी सोबत. नोंदणी गुप्त."

मी ते पान बंद केलं आणि प्रवेशाचं उघडलं. तिथंही वाफ.

दीपालीवहिनींनी ती वाफ नीट बघून घेतली. अर्ज भरून झाल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, "मॅडम, काय असंल तर सांगा बरं. मी कुणाला बोलायची न्हाय." दीपालीवहिनींच्या तोंडून हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांच्या घरचं सगळं मला माहीत आहे.

संध्याकाळपर्यंत गल्लीत दोन मतं तयार झाली. एक मत असं, की राजशेखरभाऊंचं बाहेर काहीतरी चाललंय. दुसरं असं, की मॅडमच निघाल्या. दुसऱ्या मताच्या बाजूनं एक भक्कम पुरावा होता. मी कोणी आलं की लॅपटॉप मिटते. मी मिटते, कारण त्यावर मुलांचे गुण असतात, आणि दीपालीवहिनींना निकिताच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या गुणांत रस असतो. पण हा खुलासा करायचा कोणाजवळ?

आता शास्त्राचं थोडं. आपण एखाद्या साइटवर गेलो की ती आपल्या ब्राउझरमध्ये एक खूण ठेवते. आपण पुढं दुसऱ्या दुकानात गेलो, की तिथला जाहिरातवाला ती खूण ओळखतो आणि मागच्या दुकानातला माल आपल्यासमोर धरतो. मी एकदा प्रेशर कुकरची रबरी रिंग बघितली होती, ती आवर्त सारणी शिकवतानासुद्धा महिनाभर माझ्यामागं फिरली. म्हणजे वाफाळत्या कपांची जाहिरात सारखी दिसते, याचा साधा अर्थ एवढाच, की या लॅपटॉपवरून कोणीतरी त्या साइटवर गेलं होतं. मी गेले नव्हते. अण्णा दूधवाल्याला नंबर देत नाहीत. उरले राजशेखर.

हे वाक्य मी मनात पूर्ण केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डाळ निवडली.

ब्राउझरचा इतिहास उघडून बघणं हा उपाय शाळकरी पोरालाही सुचतो. मी तो केला नाही. दुसऱ्यानं काय बघितलं हे त्याला न विचारता उघडून बघणं म्हणजे खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात हात घालणं आहे, असं माझं तत्त्व. तत्त्व खरंच आहे. पण त्या दिवसांत ते मला फारच सोयीचं वाटलं. खिशात काही निघालं तर पुढं काय करायचं, हे माझं ठरलेलं नव्हतं. राजशेखरनी नुकताच केसांना कलप लावला होता. नवा शर्ट घेतला होता, तोही फिकट जांभळा. शतपावलीला जाताना फोन नेत होते. पूर्वीही नेत असतील, मी कधी बघितलं नव्हतं. तेही माझ्याकडं बघत होते. एकदा मी लॅपटॉप मिटला, तर त्यांनी "कोणाचं काम चाललंय?" असं विचारलं, आणि मी "कॉलेजचं" म्हणाल्यावर "हं" म्हणाले. आमच्या लग्नात ते कधी "हं" एवढ्यावर थांबलेले नाहीत. त्यांची भाकरीही कमी झाली.

समोरच्या घरातले शरणबसप्पा मामा एसटीत कंट्रोलर होते. अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलायची सवय त्यांची गेलेली नाही. त्यांनी आमच्या फाटकाशी उभं राहून मला सल्ला दिला आणि तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात रांगेत बसलेल्यांनीही ऐकला. जाहिरात कुठून सुटते, मधे कुठं थांबते, आणि शेवटचा थांबा कुठला, हे आधी काढा. "अय्यो मॅडम, गाडी आपोआप स्टँडात येत न्हाय. कुणीतरी सोडल्याशिवाय यील का?" गाडी कोणी सोडली हाच प्रश्न होता. पण मार्ग शोधायचा हे त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. म्हणून मी नेट पुरवणाऱ्या केबलवाल्याच्या कचेरीत गेले.

तिथं उत्तरेश्वर नावाचे व्यवस्थापक बसतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि लेखी अर्ज द्या म्हणाले. सोबत पुरावा जोडा. कशाचा? जाहिरातीचा. मी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन पेन ड्राइव्हमधून त्या पानाचं चित्र छापायला दिलं. दुकान माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं निघालं. त्यानं छापलेला कागद बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि अतिशय आदरानं विचारलं, "मॅडम, कलरमधी काढू का? वाफ नीट दिसंल." मी साधी म्हणाले. त्यानं पैसे घेतले नाहीत. माझ्या परिस्थितीची एवढी कीव यापूर्वी कोणी केली नव्हती.

अर्ज घेऊन परत गेले, तर उत्तरेश्वर म्हणाले, ज्यांच्या नावावर कनेक्शन त्यांची सही लागते. कनेक्शन अण्णांच्या नावावर. अर्ज घरी आणला. अण्णांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला, आणि सही करणार नाही म्हणाले. तक्रार करायची म्हणजे घटना घडली हे आपण लेखी मान्य करायचं, आणि एकदा लेखी मान्य केलेलं कधी कोण कुठं काढील सांगता येत नाही. त्यांचं नेहमीचंच बोलणं. फक्त या वेळी बोलून झाल्यावर त्यांनी कागद मला परत न देता घडी घालून खिशात ठेवला, हे मी बघितलं आणि त्याचा अर्थ लावला नाही. वर्गात मी मुलांना सांगते, की निरीक्षण लिहून ठेवा, अर्थ नंतर. घरी मी दोन्ही केलं नाही.

मी दुसरा अर्ज लिहून नेला, पण बिनसहीचा तो उत्तरेश्वर घेईनात. मात्र तोंडी त्यांनी एक माहिती दिली, आणि तीच सगळ्या गोंधळाचं मूळ ठरली. "मॅडम, आमी नुसता पाइप टाकतो. पाणी कुठलं यायलंय ते आमच्या हातात न्हाय. आन तुमच्या गल्लीला पाइप एकच हाय."

पाइप एकच. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला आमची सगळी गल्ली हे एकच घर दिसतं. म्हणजे दुसऱ्या कोणी त्या साइटवर जावं आणि वाफ आमच्या घरी यावी, हेही शक्य आहे. नेहमी होतं असं नाही, पण अशक्य नाही. मी कचेरीतून बाहेर पडले तेव्हा रस्त्यावरून सोलापूरकडं जाणारे ट्रक मला सुंदर दिसले. राजशेखरच असले पाहिजेत असं काही नव्हतं. कोणीही असू शकत होतं.

हे गृहीतक मी मनात ठेवायला हवं होतं. मी ते फाटकाशी शरणबसप्पा मामांना सांगितलं. त्यांनी ते मला परत सांगून खात्री करून घेतली, नेहमीच्या आवाजात.

त्यानंतर आमच्या गल्लीची जी दशा झाली तिला मी जबाबदार आहे. जो तो दुसऱ्याच्या खिडकीकडं बघू लागला. संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्या बायका आपापल्या घरात बसू लागल्या आणि नवऱ्यांना चहा देण्याच्या निमित्तानं त्यांच्या मोबाइलवरून नजर फिरवू लागल्या. शरणबसप्पा मामांनी मुलाच्या फोनची बॅटरी का लवकर उतरते याची चौकशी लावली. सगळ्यात वाईट झालं दीपालीवहिनींचं. त्यांचे यजमान हैदराबादला कंपनीत असतात, शनिवारी येतात. शनिवार आला, ते आले, आल्या आल्या त्यांनी वायफाय लावलं, आणि वहिनींचा चेहरा पडला. रविवारी सकाळी त्या माझ्याकडं आल्या आणि या वेळी हात हातात न घेताच म्हणाल्या, "मॅडम, तुमी तर हात झटकून मोकळ्या झालाव. आता आमच्याकडं बोट दाखवायलेत लोक. तुमच्याच त्या लॅपटॉपच्या डब्यात न्हाय कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी तेव्हाच वहिनींना, आणि पर्यायानं गल्लीला सांगून बसले, की माझ्या डब्यात नाही हे मी सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवीन.

प्रयोग सोपा होता. आपण एखादी लिंक उघडली की तिचा निळा रंग जांभळा होतो, हे सगळ्यांनी बघितलेलं असतं. ब्राउझर लक्षात ठेवतो, की इथं हा माणूस येऊन गेला. लिंक कुठल्याही पानावर असो, जुन्या ब्राउझरमध्ये ती जांभळीच दिसते. पूर्वी लबाड साइटवाले याचाच फायदा घ्यायचे. पानाच्या तळाशी कोणाला दिसणार नाहीत अशा शेकडो लिंका टाकायच्या, त्यातल्या कुठल्या रंग बदलतात ते गुपचूप वाचायचं, की कळलं, या माणसाची बँक कुठली, आजार कुठला, आणि तो कुठल्या काळजीत आहे. पुढं साइटना तो रंग वाचायची बंदी झाली. तरी फटी राहिल्या. माणसाला मात्र डोळ्यांनी दिसतोच. तेव्हा मी एक पान तयार करायचं, त्यावर त्या साइटच्या सगळ्या लिंका ओळीनं मांडायच्या, आणि आमच्या लॅपटॉपवर उघडायचं. सगळ्या निळ्या, तर आमचं घर निर्दोष.

मी हे जेवताना समजावून सांगितलं. राजशेखरनी विचारलं, की आपलाच लॅपटॉप का, माझ्या कचेरीतल्या कॉम्प्युटरवर का दाखवत नाहीस. मी म्हणाले, कचेरीतला अपडेट होतो. नव्या ब्राउझरनं ही फट बुजवलीय, दुसऱ्या पानावरून उघडलेली लिंक तिथं निळीच राहते. प्रयोगाला जुनाच हवा, आणि उमरग्यात आमच्याइतका जुना दुसरा नसेल. अण्णा ताटातल्या चटणीकडं बघत ऐकत होते. "म्हणजे दुरुस्तीनं पुसतं," ते म्हणाले. मी म्हणाले, पुसत नाही अण्णा, दिसायचं थांबतं. त्यांनी मान हलवली.

कॉलेजमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर मी पान करून बघितलं. उत्तम चाललं. घरच्या लॅपटॉपवर आधी करून बघितलं नाही. मुलांसमोर अमोनिया तयार करण्याआधी मी एकदा एकटीनं करून बघते. वीस वर्षं हा नियम मी मोडलेला नाही. तो या वेळी का मोडला, हे मला विचारू नये.

पुढच्या रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये सतरंजी अंथरली. दीपालीवहिनी आल्या, त्यांचे यजमान आले. त्यांना कशासाठी आणलंय हे सांगितलेलं नव्हतं, ते सारखे घड्याळ बघत होते. शरणबसप्पा मामा टीव्हीशेजारी उभे राहिले. लॅपटॉपवरचं टीव्हीवर दिसावं म्हणून जी वायर लावायची, तिचं एक टोक त्यांनी हातात धरलं होतं आणि खूण झाली की ते खुपसणार होते. राजशेखर दाराशी टेकून उभे होते, फिकट जांभळ्या शर्टात. अण्णा त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, टेबलाला लागून, माझ्या उजव्या हाताला. मी लिंक म्हणजे काय हे सांगितलं. मामांनी ते मागच्यांसाठी परत सांगितलं. मग टिकलीखाली बघत मी पान उघडलं.

लिंका मी त्या साइटवरून जशाच्या तशा उचलल्या होत्या, काही न गाळता. वरची, मुखपृष्ठाची, जांभळी होती. त्याखालची, "पस्तिशीच्या आतील", निळी. "चाळिशी आणि पन्नाशी", निळी. मी ती पुन्हा बघितली. निळीच. राजशेखर पन्नाशीत आहेत.

"साठीनंतरची सोबत". जांभळी.

आधी मला हसू आलं. इतक्या दिवसांचं वजन एकदम उतरलं की माणूस हसतो, त्याला माझा इलाज नव्हता. मी ते खोकल्यात घातलं. मग डोळे खाली गेले. अगदी शेवटी, लेखांच्या ओळीत, आणखी एक लिंक जांभळी होती. "मुलांना कसं सांगायचं?"

मी उजवीकडं बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. खुर्चीच्या हातावर अण्णांचा हात होता आणि त्यांच्या अंगठ्यानं खुर्चीच्या कडेचं वॉर्निश खरवडायला सुरुवात केली होती. एवढं आयुष्य लोकांच्या नोंदी सांभाळलेला माणूस. त्याची एक नोंद आता टीव्हीच्या पडद्याएवढी होणार होती, आणि वायरचं टोक एसटीच्या कंट्रोलरच्या हातात होतं.

"सोडू का मॅडम?" मामा म्हणाले.

त्याच क्षणी कोपऱ्यात ती नेहमीची चौकट आली. अपडेट तयार आहे. आत्ता की नंतर.

"वैदेही," अण्णा म्हणाले, "ते अपडेट करून टाक."

आमच्या घरात हे वाक्य म्हणजे काय, हे राजशेखरना कळलं, बाकीच्यांना नाही. "अण्णा, आत्ता? सगळे बसलेत."

"बसू देत. किती दिवस पुढं ढकलायचं?"

मी "आत्ता" दाबलं. पडदा निळा झाला आणि मधे गोल फिरायला लागला. एवढ्या वर्षांची थकलेली अपडेटं होती, ती काय लगेच संपतात? मी चहा केला. टक्केवारी मुंगीच्या पावलानं सरकत होती. मी पोहे केले. मामांनी वायर हातात धरूनच पोहे खाल्ले. दीपालीवहिनींचे यजमान भिंतीला टेकून झोपले. लॅपटॉप एकदा बंद पडला, स्वतःच चालू झाला, पुन्हा फिरू लागला. अण्णा उठले नाहीत.

शेवटी तो उघडला. मी पान लावलं, मामांनी वायर खुपसली, आणि टीव्हीवर वरपासून खालपर्यंत निळ्या लिंका आल्या. सगळ्या. प्रयोग म्हणून हा शून्य किमतीचा होता. निकाल हवा तसा यावा म्हणून मी उपकरणच बदललं होतं. माझ्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी त्याची जर्नल परत फेकली असती.

"स्वच्छ," मामांनी जाहीर केलं. "या घरातून गाडी सुटलेली न्हाय."

आणि सगळ्यांनी माना वळवल्या त्या झोपलेल्या, शनिवार-रविवारच्या माणसाकडं. दीपालीवहिनींनी पदर तोंडाला लावला. हे माझ्या गणितात नव्हतं. एका घरावरचा संशय गेला की तो हवेत विरत नाही, शेजारच्या घरात जातो. हे मला आधी कळायला हवं होतं. वस्तुमान नाहीसं होत नाही, हे मीच शिकवते.

मी म्हणाले, "थांबा. ती साइट मीच उघडली होती. फोनवर. कॉलेजातल्या एका मैत्रिणीसाठी."

जगात मैत्रिणीसाठी म्हणून जे काही उघडलं जातं, ते मैत्रिणीसाठी नसतं, यावर गल्लीचं एकमत आहे. वहिनींचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग माझ्यासाठी भरून आला. मामा प्रथमच हळू आवाजात "असू दे, असू दे" म्हणाले. यजमान जागे झाले आणि झालं का, असं विचारू लागले. मी राजशेखरकडं बघायचं टाळलं. तरी दिसलंच. ते दाराशी होते तसेच उभे होते आणि शर्टाचं एक बटण लावत होते, जे लावलेलंच होतं.

लोक गेले. मी सतरंजी झटकली. रात्रीची भाकरी टाकली, तिघांची ताटं मांडली. राजशेखरनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तो ताटातच ठेवून दिला. कोण मैत्रीण, असं त्यांनी विचारलं नाही, आणि तेच मला सहन होईना. पण ज्याचं सांगणं होतं ते त्याच्याकडंच असायला हवं होतं. मी पातेल्यातलं वरण नको तेवढं ढवळलं.

अण्णांनी पाण्याचा पेला सरळ केला. "राजू, ती साइट मी उघडली होती. आपल्या लॅपटॉपवरून. हिनं काही केलेलं नाही."

राजशेखर वर बघत राहिले. अण्णांनी पेला परत थोडा फिरवला. मग म्हणाले, की तिथं एक लेख होता, मुलांना कसं सांगायचं म्हणून. त्यात लिहिलं होतं, निवांत वेळ बघून, दोघंच असताना, प्रस्तावना करून सांगावं. "मला प्रस्तावना जमली नाही."

राजशेखर म्हणाले, "म्हणजे वैदेही नाही?"

"नाही म्हणतोय ना."

त्यांनी भाकरीचा तुकडा उचलला, खाल्ला, आणि आणखी एक भाकरी मागितली. ती संपवून तिसरी मागितली. मग त्यांना आपण मुलगा असल्याची आठवण झाली आणि त्यांनी अण्णांना विचारलं, की हल्ली या साइटवर फार फसवाफसवी चालते, त्या बाई कोण, कुठल्या, सगळं नीट तपासलंय का. हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला ते त्यांच्या लक्षात आलं नाही. अण्णांनी शांतपणे सांगितलं. चंद्रप्रभाबाई, कळंबच्या, निवृत्त शिक्षिका. गावात चौकशी केलीय. दोन ठिकाणची माहिती जुळतेय. बाईंनीही त्यांची चौकशी केली, जुन्या कचेरीत माणूस पाठवून. ते अण्णांना फार आवडलं होतं, असं दिसलं.

"दिसायला कशा आहेत?" मी विचारलं. हा माझा एकमेव प्रश्न.

"माहीत नाही," अण्णा म्हणाले. "एकदा बोललो कॅमेऱ्यावर. मला अंधार दिसला. तिलाही अंधार. तिनंपण डोळ्यावर चिकटपट्टी लावलीय."

राजशेखरना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि बरेच दिवसांनी हात तिथंच ठेवला.

गल्लीचं मत बदललेलं नाही. दीपालीवहिनी अजून मला अधूनमधून चटण्या आणून देतात आणि घरात सगळं ठीक ना, असं डोळ्यांनी विचारतात. झेरॉक्सवाला माझ्याकडून पैसे घेत नाही. खुलासा करायचा म्हणजे अण्णांचं सांगावं लागतं, आणि ते सांगायचं की नाही हे अण्णा ठरवतील. माझं नाव तोवर वापरात राहू दे. जाहिरात मात्र अजून येते. अपडेटनं रंग झाकला, पण ती खूण साइटनं ठेवलेली आहे, ती ठेवणाऱ्याला दिसतेच. दोन कप, आणि वाफ. आता मी ते पान घाईनं मिटत नाही.

परवा कॉलेज लवकर सुटलं. मी दार ढकललं, तर हॉलमध्ये अण्णा टेबलापाशी बसलेले, अंगात राजशेखरचा तो फिकट जांभळा शर्ट, केस ओले करून बसवलेले. ते पडद्याकडं ताठ बघत होते आणि त्यांनी मला बघितलं नाही. कॅमेऱ्यावर टिकली नव्हती. ती त्यांनी बाजूला, स्क्रीनच्या कोपऱ्यात, सरळ नीट चिकटवून ठेवली होती, पुन्हा लागली तर असावी म्हणून. पलीकडून एका बाईचा आवाज आला, "हां, आता दिसायलाव तुम्ही."

मी दार होतं तेवढंच ओढून घेतलं, चपला पुन्हा पायात घातल्या आणि दूध आणायला गेले. दूध घरात होतं.